माळावरची लाल हिरवळ

उपग्रहाच्या चित्रात आम्ही हिरवळीला लाल रंग देतो. इतकी वर्षं हेच काम करतेय, त्यामुळे लाल दिसलं की मला गार वाटतं. परवा मात्र पुरती गोंधळले.

गावाबाहेरचा माळ जुन्या चित्रात करडा होता. नव्या चित्रात तिथे लालचुटूक चौकोन उमटले होते. हिरवळ वाढली, असं संगणकाचं म्हणणं. ते जागेवर जाऊन पडताळायचं, म्हणून मी गेले. माळावर बंगले झाले होते आणि प्रत्येकापुढच्या लॉनवर भर उन्हात फवारे गरगरत होते.

कुंपणाबाहेर एक मेंढपाळ बाई मेंढरं थोपवून उभी होती. मी तिला दोन्ही चित्रं दाखवली. तिनं करड्यावर बोट ठेवलं.

"ह्ये आमचं गवात. वाळलेलं. उन्हाळाभर मेंढरं ह्येच खायाची."

आम्ही त्याला मोकळी जमीन म्हणत होतो. इतक्या उंचावरून वाळलेलं गवत दिसत नसेल, की आपल्यालाच ते दिसत नाही म्हणून यंत्रालाही तसंच शिकवलं?

"आन् आता काय दिसतंय?" तिनं विचारलं.

"आता हिरवळ वाढलीय."

"मग सोडू का मेंढरं आत?"

माझ्या कागदावर दोनच चौकटी होत्या: बरोबर आणि चूक. मी पेन उघडलं आणि परत मिटलं. मेंढरं जाळीला नाकं लावून लॉनकडे बघत होती. हिरवळ आहे, याबद्दल त्यांचं आणि उपग्रहाचं दुमत नव्हतं.