एक चप्पल ठेवून जा

ज्यांचा मला हेवा वाटतो अशा माणसांची यादी करायला बसले, तर पहिल्या सात जागा आमच्या थोरल्या जाऊबाईच अडवतील आणि आठव्या जागेवर कुणाला बसवायचं तेही त्याच ठरवतील. बरकतपुऱ्यातल्या आमच्या घरात खाली त्या आणि वर आम्ही, अशी वीस वर्षं गेली. सगळा मोहल्ला त्यांना अक्का म्हणतो, मीही म्हणते. त्या मला छोटी म्हणतात. मी आता सत्तेचाळीस वर्षांची आहे. मी नांदेडची, मराठीत एम.ए. झालेली, जामबागच्या एका शाळेत मराठी शिकवते. अक्का इथंच, तेलुगू मुलखात जन्मल्या, सिटी बसवर बावीस वर्षं कंडक्टर होत्या, आणि त्यांच्या एकेका वाक्यात मराठी, दखनी आणि तेलुगू एकाच सीटवर दाटीवाटीनं बसलेल्या असतात. तरी घरात काहीही अडलं की माझा नवरा म्हणतो, "अक्काला विचार." दुधी कोवळा आहे की जून, हेसुद्धा. मी समोर उभी असते.

बसमधून उतरून अक्कांना किती वर्षं झाली, पण बस काही त्यांच्यातून उतरली नाही. समोरचा माणूस तिकीट न काढता बसलाय असं धरूनच त्या बोलायला सुरुवात करतात. दूधवाला, डॉक्टर, माझ्या माहेरची माणसं, कुणालाही सूट नाही. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्या पाया पडले तेव्हा आशीर्वाद देण्याआधी त्यांनी मला असं निरखलं, की मी नकळत पर्स चाचपली. गर्दीत कोण खरं बोलतो आणि कोण पुढच्या स्टॉपवर गुपचूप उतरणार, हे म्हणे त्यांना नुसत्या मानेवरून कळतं. मला माणसाचं पूर्ण तोंड बघूनही काही कळत नाही, हे माझं दुःख वेगळंच.

निवृत्त झाल्यावर या गुणाचं करायचं काय, हा प्रश्न मोहल्ल्यानंच सोडवला. ज्याला म्हणून जुनी गाडी ऑनलाइन विकायची असेल, तो जाहिरातीत अक्कांचा नंबर टाकू लागला. फाटकाशेजारी प्लास्टिकची खुर्ची टाकून त्या फोन घेत. पलीकडचा काय भाव देतो याकडे त्यांचं लक्षच नसे. "गाडी देखने कब आते?" एवढंच त्या विचारत. "मी बाहेरगावी आहे, माझा भाऊ येईल, ट्रान्सपोर्टवाला येईल" असं काही निघालं की फोन बंद. एकदा एकानं गाडी न बघताच सांगितलेला भाव कबूल केला. माझ्या मते हे सज्जनपणाचं लक्षण होतं. अक्कांनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "गाडी देखेच नहीं और भाव मान लिया, तो उसको गाडी नक्को, कुछ और होना." मला राग आला, कारण ते बरोबर असणार हे मला कळत होतं.

गिऱ्हाईक प्रत्यक्ष आलं की त्याची खरी परीक्षा सुरू होई. गाडी चालवून बघायची? बघा, पण एक चप्पल इथं ठेवून जा. एका मोठ्या कंपनीतला इंजिनियर एका पायात महागडा बूट आणि दुसऱ्या पायात नुसता मोजा घालून काचीगुड्याच्या चौकापर्यंत चक्कर मारून आलेला मी स्वतः पाहिलाय. दोन्ही बूट का नाही ठेवून घेतले, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "दोनो रखे तो नवे लेके भागता. एक रखे तो वापस आताइच." मग पैशांचा सोपस्कार. कुणी पैसे पाठवल्याचा फोटो नाचवला की अक्का हात जोडत, "फोटू नक्को दिखाओ भाई, फोटू में तो मैं बी दुबली दिखती." पैसे जमा झाल्याचा मेसेज त्यांच्या स्वतःच्या फोनवर आला तरी त्यांचं समाधान नसे. मेसेज काय, कुणीही पाठवेल. जी गाडी विकायची तिच्यावर गिऱ्हाईकालाच मागं बसवून त्या नारायणगुड्याच्या बँकेत जात आणि पासबुकात आकडा छापून आला की मगच किल्ली हातात देत. एकदा छपाईचं मशीन बंद होतं, तर तो माणूस बिचारा दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, येताना अक्कांसाठी उस्मानिया बिस्किटं घेऊन. वीस वर्षं मी पोरांना शिकवतेय, मला कुणी साधं बिस्किट आणलेलं नाही.

अशात माझी जुनी स्कूटर विकायची वेळ आली. अक्का बहिणीकडे परभणीला गेल्या होत्या, चार दिवसांसाठी. मी ठरवलं, या चार दिवसांत स्कूटर मीच विकणार. पैशांची नड नव्हती. या घरात एक तरी काम अक्कांना न विचारता पार पडलं, एवढं मला नवऱ्याला दाखवायचं होतं. मी जाहिरात टाकली, स्वतःच्या नंबरासकट. तासाभरात फोन आला.

"जयभीम, ताई."

परमुलखात हा शब्द असा अवचित कानावर पडला की माझ्या मनाचं पाणी पाणी होतं. माझ्या फोनवरच्या फोटोत मागं भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि निळा झेंडा दिसतो, हे माझ्या नंतर लक्षात आलं. तो म्हणाला, मी फौजी आहे, हिंगोलीकडचा, इथं छावणीत बदली झालीय. काय त्याचं मराठी! एक इंग्रजी शब्द नाही, क्रियापदं जागच्या जागी. घरी अक्कांचं "कायकू" आणि वर्गात पोरांचं "मॅम, ही धडा" ऐकून विटलेले माझे कान तृप्त झाले. त्यानं घासाघीस केली नाही. मी म्हटलं, संस्कार. छावणीतून बाहेर पडता येत नाही, गाडी न्यायला माणूस पाठवतो म्हणाला. मी म्हटलं, शिस्त. खात्री पटावी म्हणून त्यानं आधी दहा रुपये पाठवले. ते आले. मग एक कोड पाठवला आणि म्हणाला, "हा स्कॅन करून पिन टाका ताई, ठरलेले बावीस हजार जमा होतील." मी टाकला. बावीस हजार गेले. "अरेरे, उलटं झालं ताई, पुन्हा एकदा करा, दोन्ही मिळून परत येतील." मी पुन्हा टाकला. पुन्हा बावीस हजार गेले. मग फोन लागेना. स्कूटर फाटकात तशीच उभी होती.

मी कुणालाही बोलले नाही. गेलेल्या पैशांपेक्षा अक्कांना कळेल याचीच धास्ती जास्त होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या परतल्या, पिशवी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "विदाउट तिकीट बसल्यावानी तोंड कायकू केलीस गं?" झालं, मी रडायलाच लागले आणि सगळं सांगून टाकलं. रडतानाही मनात हेच होतं, की आता या बोलणार आणि जन्मभर बोलणार.

त्या बोलल्या नाहीत. "पैसे घ्यायाला पिन लागत नाही छोटी, द्यायाला लागते," एवढंच हळू म्हणाल्या, आणि चहासुद्धा न घेता मला रिक्षात घालून निघाल्या. आधी तक्रारीचा फोन, मग बँक, मग पोलिसांचं सायबरचं ऑफिस. तिथं तीन तास त्या माझ्याशेजारी बाकावर बसून होत्या. काही पैसे वाटेत अडवले गेले, बाकीच्यांचा पत्ता नाही.

संध्याकाळी घरात सांगणं भाग होतं. माझा नवरा आणि थोरले दीर चहा घेत बसले होते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात अक्काच म्हणाल्या, "छोटीचे पैसे गेले. मेरी गलती. मला विचारायाला फोन केली होती परभणीला. ही बिचारी नक्को नक्को म्हणत होती, मीच बोल्ली, दाब."

दीर हसत सुटले ते त्यांना ठसका लागेपर्यंत. बावीस वर्षांच्या कंडक्टरला कुणीतरी चकवा दिला, याचा घरालाच काय, अख्ख्या मोहल्ल्याला आनंद झाला. जिन्यात गाठून मी अक्कांना विचारलं, असं का केलंत? म्हणाल्या, "तुला उद्या पोरांसमोर हुबं राहायचं आहे. मेरा क्या, मैं रिटायर." आणि भाजी निवडायला निघून गेल्या. त्या खोटं सांगताहेत असं त्यांच्या मानेवरूनही कळलं नव्हतं.

आता गाड्या विकणारे माझ्याकडे येतात. "मॅडम, तुम्हीच नको म्हणत होता ना?" असं कौतुकानं विचारतात. फाटकाजवळच्या खुर्चीत मी बसते आणि गिऱ्हाईकांना अक्कांचेच प्रश्न विचारते. अक्का आतल्या पायरीवर लसूण सोलत असतात. मी चुकले तर एका शब्दानं टोकत नाहीत. माझा नवरा परवा म्हणाला, "छोटीला विचारा, तिला कळतं यातलं." हे वाक्य ऐकण्यासाठी मी वीस वर्षं थांबले होते. ते ऐकलं तेव्हा अक्का मान खाली घालून हसल्या, आणि मला तिथं बसवेना.

खरं काय ते सांगून टाकावं असं रोज वाटतं. पण सांगितलं तर अक्का आहेत त्याहून मोठ्या होतील, आणि तेवढं सोसायची माझी अजून तयारी नाही.