झाकणाच्या काठावरची खूण

पितळेची वस्तू हातात आली की भाऊ आधी ती कानाला लावायचे. नखानं एक टिचकी, डोळे मिटलेले, मान जराशी तिरपी. मग म्हणायचे, ‘पाहून रायलो ना, वैनी.’ कानानं काय पाहतो हा माणूस, असं तुम्हालाही वाटलं असतं. मला तर तेव्हा वाटायचं, हा अस्सल पितळ कोणतं ते तपासतोय. म्हणजे कोणतं ठेवून घ्यायचं ते ठरवायला बरं.

सानगडीत आमच्या घरापासून चौथं घर त्यांचं. ओसरीतच दुकान. बाया पाण्याचे गुंड, गंज, समया आणून द्यायच्या. पोचे काढून, कल्हई करून परत न्यायच्या. या धंद्यात माणसाचं सगळं एकाच गोष्टीवर उभं असतं, दिलेलं भांडं तेच परत आलं पाहिजे. त्या बाबतीत भाऊंचं नाव स्वच्छ होतं. अन् तेच मला खटकायचं. इतकं स्वच्छ नाव कोणाचं असतं का, सांगा बरं!

मी तेव्हा तिशीतली होते आणि स्वतःला फार हुशार समजायची. दूधवाला, एस्टीचा कंडक्टर, सख्खी नणंद, सगळ्यांवर माझी नजर. आज त्या बाईला मी ओळखतच नाही असं म्हणावंसं वाटतं, पण आरशात नाक अजून तेच दिसतं.

माझ्या सासऱ्यांची, मामाजींची, एक जुनी काळी मोटार होती. तिच्या रेडिएटरचं झाकण पितळेचं, वर पंख पसरलेला पक्षी. दर भाऊबीजेला मामाजी त्या मोटारीनं लाखांदूरला बहिणीकडे जायचे. मग कुठल्याशा मिस्त्रीनं पाना लावून झाकण उघडलं, काठ वाकला, आणि गाडी रस्त्यात पाणी ओकायला लागली. दोन भाऊबिजा चुकल्या. एस्टीनं जा म्हटलं की मामाजी म्हणायचे, ‘ते पाखरू दिसते का म्हणून बहीण सकाळपासून दारात बसून रायते. एस्टीत लटकून कायले जाऊ?’ बहीण ऐंशीच्या पुढची. यंदा नाही तर कधी, हे घरात कोणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

झाकण भाऊंकडे द्यायचं ठरलं आणि मी सावध झाले. तो पक्षी पाहून कोणाचीही नियत फिरावी. माझ्या आईची शिकवण होती, पितळ घराबाहेर जाताना खूण करूनच पाठवायचं. मी खिळा घेतला आणि झाकणाच्या आतल्या काठावर, कोणाच्या नजरेस पडणार नाही अशा ठिकाणी, चांगल्या दाबून दोन रेघा अन् मध्ये एक टिंब कोरलं. काय ती अक्कल! झाकण अन् रेडिएटर एकमेकांना घट्ट भिडतात ती नेमकी तीच जागा, हे मला कोण सांगणार? मी कोणाला विचारलं तर पाहिजे ना.

भाऊंनी लाकडी हातोडीनं काठ सरळ केला. आटे साफ केले. चामड्याचं गोल वायसर कापून दोन दिवस जवसाच्या तेलात बुडवून ठेवलं आणि झाकणात बसवलं. मामाजींनी गाडी तलावाच्या पाळीपर्यंत नेली. पाळीवर पोचताच पक्ष्याच्या पोटाखालून सुर्रकन वाफ.

‘काहून गा?’ मामाजींनी विचारलं.

‘पाहून रायलो ना, काकाजी.’

दुसऱ्यांदा जाड वायसर. पुन्हा वाफ. तिसऱ्यांदा दोन वायसरं एकावर एक. तरी वाफ. दर वेळी भाऊ वायसर काढून उजेडात धरायचे आणि एकदा माझ्याकडे पाहायचे. ती नजर चोराची आहे, हे मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

मग मी पहाऱ्यावर निघाले. एकदा विरजण मागायला त्यांच्या ओसरीवर गेले, एकदा विरजण परत द्यायला. विरजण कोणी परत देतं का?

भाऊ काचेच्या तुकड्यावर काहीतरी घासत होते. वाटी पाहून हात थांबवला. ‘वैनी, तुमाले काही सांगायचं हाय का?’

‘मले काय सांगायचं? मी विरजण द्यायले आली.’

‘बरं,’ ते म्हणाले आणि पुन्हा घासायला लागले.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी दुपारी ते झाकण घेऊन स्वतः आले. मामाजींच्या आधी मीच ते हातात घेतलं, उलटं केलं, काठावरून अंगठा फिरवला. काठ काचेसारखा गुळगुळीत. रेघा नाहीत, टिंब नाही.

‘हे आमचं नोहोय!’ मी ओरडले. ‘माझी खूण होती यावर!’

शेजारची पार्वता हातातला खराटा घेऊनच धावत आली. ‘काय झालं वो?’

‘भाऊनं झाकण बदललं!’

भाऊ अंगणात उभे होते. ‘वैनी, आतून पाहा. आत पाहा ना.’

‘काठच गेला, आत काय पाहू?’

ते मामाजींना म्हणाले, ‘काकाजी, उद्या जाऊन या.’ आणि गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. मी मागच्या सीटवर, कान पुढे लावून. खरं सांगते, वाफ यावी अशी माझी इच्छा होती. पुरावा हवा होता ना! लाखांदूर आलं, पाण्याचा थेंब गळला नाही. आत्याबाईंनी आधी भावाला ओवाळलं, मग बाहेर येऊन त्या पक्ष्यालाही कुंकू लावलं. पुढची दिवाळी त्यांनी पाहिली नाही.

आणि मी? ‘बदललेलं हाय म्हणूनच गळत नाही,’ असं मी पार्वताला पटवलं. पार्वताचा आवाज त्या काळी दोन आळ्या ओलांडून जायचा. भाऊंच्या ओसरीतली आमच्या आळीची भांडी हळूहळू उठली. पुढं त्यांच्याकडे यायची ती बाहेरगावची माणसं. रस्त्यात भेटले तर मात्र ते विचारायचेच, ‘बरं हाय ना, वैनी?’ मी मान हलवायची आणि घरी येऊन ताटल्या मोजायची.

या उन्हाळ्यात भाऊ गेले. मी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या बायकोनं एक पत्र्याची डबी माझ्यासमोर ठेवली. आत चामड्याची वायसरं, वाळून काळी पडलेली. प्रत्येकावर दोन चिरा अन् मध्ये एक भोक.

‘तुमची खूण,’ ती म्हणाली. ‘खिळ्यानं काठावर काटे उभे रायले होते, ते वायसर कापत होते. ह्यांनी पयल्याच दिवशी ओळखलं. पण गिऱ्हाइकाची खूण कारागीर मिटवत नाही. मिटवली का नाव गेलं. म्हणून तीन खेपा खूण ठेवून बसवून पाहिलं. मंग भाऊबीज आली, त काठ घासावाच लागला.’

‘मले काहून नाही विचारलं?’

‘सासऱ्यासमोर? तुमचीच फजिती झाली असती. अन् खूण आत काढून देल्ली होती ना? तुमाले सांगतलं म्हणत होते.’

गाडी वर्षानुवर्षं शेडमध्येच उभी आहे. घरी येऊन मी झाकण काढलं, चिंच लावून घासलं आणि मोबाइलचा उजेड आत मारला. पक्ष्याच्या पोटात, जिथं काहीच कशाला भिडत नाही तिथं, बारीक छिन्नीनं काढलेल्या दोन रेघा अन् मध्ये टिंब. माझ्यापेक्षा कितीतरी सरळ.

तशीच पार्वताकडे गेले. तिला आता कमी ऐकू येतं, म्हणून तिच्या अंगणात उभी राहून ओरडले, ‘पार्वता, भाऊनं झाकण बदललं नव्हतं!’

‘कोणता भाऊ?’

मी चौथ्या घराकडे बोट केलं.

‘हाव, तो,’ ती म्हणाली. ‘तो त बदलवून देत होता. तूच नाही का सांगतलं?’

मी तिचं बोट धरून झाकणाच्या आत नेलं, रेघांवरून फिरवलं, आणि पुन्हा पहिल्यापासून, आणखी मोठ्यानं सांगायला लागले. समोरच्या दोन खिडक्या उघडल्या. तिसऱ्या घरातली सून दारात आली. मी आवाज अजून चढवला.