मावळतीच्या आत घरी

सलग पाच वर्षं पाऊस रुसला आणि फ्रेजाच्या शेळ्या एकेक करून बाजारात गेल्या. शेवटची गेली त्या दिवशी ती खूप रडली. शेळीसाठीच रडतेय, असं सगळ्यांना वाटलं. पण बदूंच्या, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या टोळ्यांच्या वस्तीत शेळ्या असतील तरच बाई डोंगरात जाते. त्या संपल्या की तिथे तिचं काम काय? सात वर्षांची असल्यापासून सिनाईच्या त्या लाल खडकांतून अनवाणी हिंडलेल्या बाईला चाळिशीत चूल आणि शेजारणींची उणीदुणी एवढंच उरलं. मला विचाराल तर अशी शिक्षा वैऱ्यालाही देऊ नये.

म्हणून कैरोच्या बायका डोंगर बघायला येऊ लागल्या आणि बाईमाणसाबरोबरच चालायचं म्हणाल्या, तेव्हा फ्रेजा सगळ्यांच्या आधी पुढे झाली. वस्तीत केवढा गहजब! पुरुष उंटांवरून, जीपमधून पाहुणे फिरवतच होते, पण बाई वाटाडी? सगळ्यात मोठा आवाज तिच्या सासूचा, हाज्जा रबीआचा. "दुरून डोंगर साजरे, हे त्या शहरवाल्यांना कळत नाही. तुला गं काय धाड भरलीय?"

शेवटी शेख मुसल्लमने निवाडा दिला. चार बायकांनी हे काम करावं, फक्त बायकांनाच न्यावं आणि सूर्य दिसेनासा व्हायच्या आत घरी परतावं. एकदा जरी चुकलं, तरी चौघींचं बंद. आणि साक्षीदार कोण? तर हाज्जा! शेख महाबेरकी. सगळ्यात जास्त ओरडली तिलाच त्याने पहाऱ्यावर बसवलं.

हाज्जाने काम मनावर घेतलं. तिचे गुडघे कधीचेच गेले होते. दोघींनी धरून दारात आणून बसवावं लागे, पण दुपार कलली की नजर वाटेवर.

ते वर्ष फ्रेजाला फार सुखाचं गेलं. ती पाहुण्यांना पावसाच्या पाण्याच्या कुंडापर्यंत नेई, वाळूतली कोल्ह्याची पावलं ओळखायला शिकवी, निखाऱ्यांत भाकरी भाजून घाली. खडक चढताना सगळ्यांना बूट काढायला लावी. "पायांना दिसतं, बायांनो. बूट आंधळे असतात."

मग एकदा इनआमबाई आल्या. सत्तरीच्या, निवृत्त शिक्षिका, हट्टी. कुंड बघितलं, पाण्यात पाय सोडून लहान मुलीसारख्या हसल्या, आणि उतरताना त्यांचा गुडघा सुजून टम्म झाला. बाकीच्या पाहुण्यांना फ्रेजाची जोडीदारीण पुढे घेऊन गेली. इनआमबाई खडकाला टेकून बसल्या.

"तू जा गं. तुमचा नियम ठाऊक आहे मला. कुणाचा तरी उंट पाठव."

सूर्य डोंगरावर चार बोटं उरला होता. एकटी पळाली असती तर फ्रेजा वेळेत पोचली असती. तिने एकदा मागे कुंडाकडे पाहिलं. आज उशीर झाला तर हे पुन्हा दिसणार नव्हतं. पण पाहुणीला डोंगरात टाकून घर गाठणारी वाटाडी कसली? तिने वाकून म्हातारीला पाठुंगळी घेतलं.

"अगं, मोडशील!"

"शेळ्या याहून जास्त लाथा मारायच्या. गप बसा, मास्तरीणबाई."

वस्तीजवळ पोचली तेव्हा सगळी दरी सावलीत बुडालेली. शेख मुसल्लम वाटेतच उभा होता, मागे वस्तीतली माणसं. फ्रेजाने इनआमबाईंना सतरंजीवर उतरवलं आणि मान खाली घातली.

"चुकलं, शेख. उशीर झाला."

"ते हाज्जा सांगेल," शेख म्हणाला. "कुठाय ती?"

दार रिकामं होतं. इतक्यात घरामागच्या टेकाडावरून खणखणीत आवाज आला, "ओरडतोस काय, मुसल्लम? सूर्य आहे अजून! मला चांगला दिसतोय!"

सगळ्यांनी माना वर केल्या. टेकाडाच्या माथ्यावर, दगडाला पाठ लावून, हाज्जा बसली होती.

"तू वर चढलीस?" शेखने विचारलं.

"मग काय सूर्य माझ्या दारात येऊन बसणार होता? साक्ष माझी आहे ना? लिहून घे, पोर वेळेत आली!"

शेखने डोंगरांच्या माथ्यांकडे पाहिलं. बराच वेळ दाढी खाजवली. "साक्ष झाली," तो म्हणाला आणि घराकडे वळला.

फ्रेजा धावतच टेकाड चढली. वर खडक गार पडला होता आणि पश्चिमेला सूर्याचा मागमूसही नव्हता. हाज्जाचे गुडघे सोलवटलेले होते. म्हातारी रांगत वर आली होती.

"आत्या, सूर्य कुठाय?"

"तो गेला कधीचाच," हाज्जा म्हणाली. "तू का येत नाहीस म्हणून बघायला आले होते. बस गं अशी शेजारी. अकरा वर्षांनी वर आलेय. एवढ्यात खाली नेऊ नकोस मला."