मामाजींचा नंदी आणि माझं फाटक

माझ्या सासऱ्यांइतका धाडसी व्यापारी वर्धा जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि त्यांच्यावर जो एकमेव ठपका कायम राहिला तो खरं म्हणजे माझा होता. हे मी चार वर्षं पोटात ठेवलं. सासऱ्यांना मी मामाजी म्हणे; ते उन्हाळ्यात गेले. आता सगळं सांगतो.

आर्वीत त्यांचं कापसाचं दुकान होतं, पण चालत्या धंद्यात त्यांचं मन रमत नसे. एकदा त्यांनी हायवेवरच्या जाम गावच्या चौकात प्रवाशांना फिरवायला उंट आणून उभा केला. उंट पहिल्याच दिवशी रस्त्याच्या मधोमध बसला आणि दुपारपर्यंत उठला नाही. दोन्ही बाजूंना ट्रकांची रांग लागली. मामाजींनी तिथेच स्टोव्ह मागवून ड्रायव्हर लोकांना चहा विकला. "ऊट नाई चालला जवाईबापू, पन चहा चालला!" असं ते मला अभिमानाने सांगत. मग सोयाबीनचे पेढे झाले. ते व्याह्यांकडे, म्हणजे माझ्या आईवडिलांकडे, पाठवल्यावर आमच्या घरात दोन महिने अबोला होता. बाभळीच्या डिंकाचा गोंद काढला, त्या बाटल्यांची लेबलं वर्ध्याला पोचेपर्यंत गळून पडली. मात्र चूक कधीच त्यांची नसे. उंट आळशी होता, व्याह्यांची जीभ जड होती, डिंकाला हवा मानवली नाही.

असा हा माणूस माझ्या मुलीपुढे, राणूपुढे, लोणी होई. दर रविवारी आर्वीहून एसटीने आमच्याकडे सिंदीला येत. तिने ससा पाहायचाय म्हटलं, तर पिशवीतून सात ससे निघाले. तिला ताप आला तेव्हा कडू औषधाचा अर्धा चमचा आधी स्वतः पीत. "तिले एकटीले काऊन कडू?"

राणू सात वर्षांची असताना त्यांनी ठरवलं, तान्ह्या पोळ्याला नातीचा नंदी गावात सगळ्यांत मोठा निघाला पाहिजे. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल सजवून मिरवतात, आणि सिंदीत तर माणसापेक्षा उंच नंदी निघतात. मामाजींनी आर्वीच्या सुताराला कामाला लावलं आणि मला फोन केला, "जवाईबापू, तुमच्या फाटकाची रुंदी मोजून सांगजा."

मी पलंगावर क्रिकेट पाहत होतो. शेवटची ओव्हर होती. "पाच फूट," मी पडल्यापडल्याच सांगितलं.

फाटक चार फुटांचं होतं.

नंदी सुट्या भागांत टेम्पोतून आला आणि अंगणात जोडला गेला. पूजा झाली. नऊवारीतली राणू दोरी धरून पुढे निघाली, आणि नंदीचं पोट फाटकात अडकलं. पुढून चौघांनी ओढलं, मागून सहा जणांनी ढकललं. सुटा करावा, तर सांधे मामाजींच्याच गोंदाने चिकटवलेले. ज्या गोंदाने आयुष्यात कागद धरला नाही, त्याने त्या दिवशी सागवान सोडलं नाही. फाटकाचा खांब पाडावा, तर एक आमच्या घराच्या भिंतीतला आणि दुसरा शेजाऱ्यांचा, आणि शेजारी सहकुटुंब मिरवणुकीला गेलेले. एका काकूंनी सल्ला दिला, "त्याले जरा उपाशी ठेवा न भाऊ!" सगळे हसले. तेवढ्यात चौकातून डफांचा आवाज पुढे सरकत दूर गेला, आणि राणू रडायला लागली.

"आबाजी, तुमाले साधं मोजताबी येत नाई का?"

मामाजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी नंदीच्या शेपटीची गाठ सोडायला घेतली. पोरीसमोर जावयाचा मान जाईल, हे त्या माणसाला बरोबर कळलं.

"नाई येत, बाई," ते म्हणाले. "माहं चुकलं."

उंटालाही दोष देणाऱ्या माणसाच्या तोंडून मी हे पहिल्यांदाच ऐकलं. त्यानंतर त्यांनी काहीही आणलं की राणू विचारायची, "आबाजी, मोजलं का?" घरभर हशा व्हायचा. ते सगळ्यांत जोरात हसायचे, आणि मी काहीतरी काम काढून उठायचो.

या फाल्गुनात ते अंथरुणाला खिळले तरी पळसाच्या फुलांचं सरबत परदेशी पाठवायचं म्हणत होते. राणू आता अकरा वर्षांची आहे. त्यांच्या पायाशी बसून ती म्हणाली, "आबाजी, बाटल्या मोजाले दुसऱ्या कोणाले सांगजा हं." ते हसले, आणि या वेळी त्यांना हसताना धाप लागली.

मी खुर्ची पुढे ओढली. त्यांना लगेच कळलं. "जवाईबापू, चहा घ्या न पयले," ते घाईने म्हणाले.

"नाही मामाजी, बोलू द्या. राणू, त्या दिवशी आबाजींनी मला फाटक मोजायला सांगितलं होतं. मी उठलोच नाही, पडल्यापडल्या काहीतरी सांगून दिलं. त्यांना मोजता येतं, बाळा. तुझी मिरवणूक माझ्यामुळे गेली. तू मला माफ कर. आणि मामाजी, तुम्हीही."