गाणं थांबलं की खुर्ची

दोन्ही गुडघे बदलून झाले, गुंगी अजून पुरती उतरली नव्हती, आणि माझी बायको भेटायला आलेल्या तिच्या भावाला म्हणाली, "तुझ्या पोराच्या वरातीत मी नाचणार आहे. आत्ताच सांगून ठेवते." भाऊ कन्हानचा, लग्न मे महिन्याच्या शेवटी, आणि ही तेव्हा पलंगाच्या कडेलाही बसू शकत नव्हती. भावाने मान डोलावली, मीही डोलावली. गुंगीतल्या माणसाशी कोण वाद घालणार? पण गुंगी उतरली तरी बाईंचं वाक्य कायम राहिलं. आम्ही हुडकेश्वरला घरी पोचेपर्यंत ते सगळ्या नातेवाइकांकडे जाऊन पोचलं होतं.

डॉक्टरांनी सांगितलं, चाला. रोज सलग अर्धा तास, घरातल्या घरात चाललात तरी चालेल. आमच्या घरात हॉलमधून मधल्या खोलीत, तिथून स्वयंपाकघरात आणि बाजूच्या बोळीतून परत हॉलमध्ये असा छान गोल होतो. पण दोन फेऱ्या झाल्या की ही वैतागायची. "त्याच भिंती, तेच कॅलेंडर. मी काय घाण्याले जुंपली आहे का?"

हे पुण्यातल्या मुलाच्या कानावर गेलं आणि आठवडाभरात पार्सल आलं. आत तीन स्पीकर, प्रत्येक तांब्याएवढा. घरच्या वायफायवर चालतात, आणि एकच गाणं तिन्ही खोल्यांत एकाच वेळी वाजतं, म्हणजे आई जाईल तिथे गाणं आईबरोबर जाईल, असं त्याने फोनवर समजावलं. मला आधी ते खरं वाटेना. मी हॉलमध्ये गाणं लावलं आणि स्वयंपाकघराकडे धावत सुटलो, तर गाणं माझ्याआधी तिथे हजर. परत हॉलकडे धावलो, तिथेही आहेच. असं मी चार वेळा केलं. वय वर्षं एकसष्ट.

"झालं का?" बायको म्हणाली. "आता मले चालू द्या."

आणि ती चालायला लागली. जुनी सिनेमातली गाणी, एकामागून एक, आणि ही काठी टेकत टेकत ठेक्यात. पहिल्या दिवशी सहा फेऱ्या झाल्या. मला इतका आनंद झाला की मी मुलाला फोन करून फक्त हसलो. तिने मात्र त्याच दिवशी कायदा करून टाकला. "गाणं वाजून राहिलं तवरिक मी चालीन. गाणं थांबलं का मी बसणार. मंग मले उठ म्हणायचं नाही." त्यासाठी मधल्या खोलीत निळी प्लास्टिकची खुर्ची मांडण्यात आली.

चौथ्या दिवशी गाणं तुटायला लागलं.

ऐन कडव्यात मधल्या खोलीतलं बंद, हॉलमधलं चालू. मग स्वयंपाकघरातलंही बंद. कधी दोन मिनिटांनी परत यायचं, कधी अर्धा तास नाहीच. आणि कायद्याप्रमाणे ही खुर्चीवर. सहा फेऱ्यांच्या तीन झाल्या, तीनच्या दोन झाल्या. लग्न तोंडावर येत चाललं होतं. रोज संध्याकाळी कन्हानहून भावाचा फोन यायचा, "ताई, प्रॅक्टिस चालू आहे ना?" ही म्हणायची, "चालू आहे गा," आणि माझ्याकडे बघायची नाही.

मी पस्तीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळलेला माणूस. मला दोष शोधायला आवडतो, आणि तो दुसऱ्याचा निघाला तर जास्तच आवडतो. पहिल्यांदा इंटरनेटवाल्याला बोलावलं. त्याने मोबाइलवर स्पीड दाखवला, स्पीड उत्तम होता, पन्हं पिऊन तो गेला. मग मायक्रोवेव्ह ओव्हनवर संशय घेतला आणि घरात दोन दिवस सगळं गॅसवर गरम झालं. मग शेजाऱ्यांच्या वायफायवर. त्यात माझ्याकडे पुरावा काहीच नव्हता, तरी मी त्यांच्याकडे जरा रोखून बघायला लागलो.

मुलगा रोज फोनवर. "बाबा, मोबाइलचं बॅटरी सेव्हर बंद करा, नाही तर फोन झोपून जाते अन् गाणं तुटते." केलं. "तिन्ही स्पीकर काढून पुन्हा जोडा." जोडले. "फ्रिजवरचा खाली घ्या." घेतला. "राउटर कुठी आहे?"

"जिथी होता तिथीच," मी ठणकावून सांगितलं. आणि ते शंभर टक्के खरं होतं.

शेवटी आम्ही आमच्या जुन्या पद्धतीवर आलो. नवीन लग्न झालं तेव्हा मी गच्चीवर अँटेना फिरवायचो आणि ती खालून ओरडायची, आलं, गेलं. तेच आता पुन्हा. मी हॉलमध्ये मोबाइल घेऊन, ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून.

"आलं?"

"आलं."

"आता?"

"गेलं. अहो, पुरं गेलं."

"आता?"

"आलं. नाही, ते बाहेर भाजीवाल्याचं होय."

त्या दुपारी आम्ही इतके हसलो की ती गुडघे धरून म्हणाली, आता बस, टाके उसवतील. टाके कधीच निघाले होते. दुरुस्ती काहीही झाली नाही, पण असं हसून किती वर्षं झाली होती कोण जाणे.

मग मी वही घातली. आडव्या-उभ्या रेघा मारून रकाने पाडले. तारीख, वेळ, खोली, स्थिती, शेरा. गाणं तुटलं की त्या क्षणी घरात काय काय चालू आहे ते शेऱ्यात लिहायचं. 'कुकर चालू. पंखा दोनवर. शेजारी गाडी धुणे.' काही म्हणजे काही सोडायचं नाही, कचेरीतली सवय. दहा दिवसांत बारा पानं भरली. बायको म्हणायची, "वही मस्त चालली आहे तुमची," आणि खुर्चीवर बसून वारा घ्यायची.

अकराव्या दिवशी सकाळी चहा घेता घेता मी सगळी वही पहिल्यापासून वाचून काढली. शेऱ्याच्या रकान्यात कुकर कधी होता, कधी नव्हता. गाडी कधी होती, कधी नव्हती. एकच गोष्ट प्रत्येक ओळीत होती. 'कूलरचा पंप लावला.'

आता आमचा कूलर. नागपुरात एप्रिल लागला की कूलर बाहेर निघतो आणि हॉलच्या खिडकीसमोर आपल्या स्टँडवर चढतो. यंदा तो गाणं तुटायला लागलं त्याच दिवशी चढला होता. राउटर त्याच खिडकीत, कारण केबल तिथूनच आत येते. खिडकीतून ऊन येतं, म्हणून मी स्वतःच्या हाताने कूलर त्याच्या अगदी पुढ्यात, ओला वाळा त्याला जवळजवळ चिकटेल असा लावला होता. या उन्हात आपण माणसं कूलर सोडत नाही, तर त्या बिचाऱ्या डब्याने काय पाप केलं आहे? राउटर जागचा हलला नव्हता, हे खरंच होतं. त्याच्यासमोर पाण्याने भरलेली एवढी मोठी टाकी येऊन बसली होती आणि पंप लावला की तिन्ही बाजूंचा वाळा भिजून निथळायचा. त्या ओल्या भिंतीपलीकडे गाणं जाणार कसं?

पंप बंद केला, वाळा सुकू दिला. तिन्ही खोल्यांत गाणं खणखणीत. पंप लावला, थोड्या वेळात स्वयंपाकघर गेलं. मी हॉलमध्ये एकटाच नाचलो. मग धावत मधल्या खोलीत गेलो आणि तिला सगळं सांगितलं, वहीतल्या ओळींवर बोट ठेवून.

ती शांतपणे म्हणाली, "मले माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"पंपानं गाणं तुटते ते."

"कवापासून?"

"तुमी वही घातली ना, त्याच्या आंधीपासून."

माझं डोकं फिरलं. पंप लावायला रोज मला कोण सांगत होतं? हीच. 'अहो, पंप लावा जी, उकडून राहिलं.' मी बारा पानं भरली, इंटरनेटवाल्याला पन्हं पाजलं, शेजाऱ्यांकडे रोखून पाहिलं, आणि ही खुर्चीवर बसून माझी गंमत बघत होती. मी तिला हे सगळं जरा मोठ्यानेच सांगितलं. माझं संपल्यावर ती म्हणाली, "गंमत नव्हती पाहून राहिली जी. मले भेव लागते."

मी वही मिटली.

"दुखत नाही. दुखलं असतं तर सांगतलं असतं. पण चालता चालता वाटते, आता पाय दुमडते अन् मी पडते. साऱ्या गावाले सांगून बसली नाचणार म्हणून. आता कोनाले सांगू? गाणं तुटलं का बसाले बरं. मंग माझ्यावर येत नाही."

मला फार वाईट वाटलं. दहा दिवस मी कुकर आणि पंखे टिपून ठेवले होते, आणि शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचं तोंड एकदाही नीट पाहिलं नव्हतं. जे खरंच विचारायचं होतं ते विचारलं. "मंग राउटर हलवू, का राहू देऊ?"

तिने दुपारचा चहा संपवला. कप खाली ठेवला. "हलवा," ती म्हणाली. "पण मी चालीन तेव्हा तुमी खुर्ची घेऊन माझ्या मांगं चाला."

राउटर हॉल आणि मधल्या खोलीमधल्या दाराच्या वर, गणपतीच्या फळीशेजारी गेला. लांब केबल लागली, भिंतीला दोन खिळे लागले, बस. त्या दिवसापासून गाणं एकदाही तुटलं नाही, पंप कितीही चालो. आणि आमची मिरवणूक निघू लागली. पुढे ही, मागे निळी खुर्ची धरून मी, तिन्ही खोल्यांत गाणं. पहिल्या दिवशी एका फेरीत ती चारदा मागे हात करून चाचपायची, खुर्ची आहे ना. मग दोनदा. मग काठी कोपऱ्यात राहिली. एका सकाळी चौदा फेऱ्या झाल्या. माझा बनियान भिजून गेला होता आणि ही म्हणत होती, "अजून एक गाणं लावा ना जी." पण यादी संपली, घर शांत झालं, की त्याच पावली ती खुर्चीवर टेकायची. कायदा तिने मोडला नव्हता.

लग्नाच्या दिवशी ती खुर्ची आम्ही गाडीच्या मागच्या सीटवर घालून कन्हानला नेली. संध्याकाळी पाचला वरात निघाली, ऊन अजून तापलेलंच. पुढे छोट्या ट्रकवर मोठमोठे स्पीकर, त्यामागे नवरदेव, आणि पाहुण्यांच्या गर्दीत कडेकडेने ही, डाळिंबी साडीत, आधी नुसती चालत, मग हात हलवत, मग चक्क खांदे. तिच्या मागे मी, दोन्ही हातांत खुर्ची. मांडववाला माणूस समजून एका पाहुण्याने मला पाणी मागितलं. मी म्हटलं, पुढे मिळेल. मला हसू आवरत नव्हतं.

चौकाजवळ आलो आणि गाणं गेलं. एकदम, ऐन कडव्यात. जनरेटरची वायर निघाली होती, चार-पाच जण ट्रकवर चढले. नाचणारे सगळे जागच्या जागी थांबले, रुमाल काढून घाम पुसू लागले. मी सवयीने पुढे झालो, तिच्या मागे रस्त्यावर खुर्ची ठेवली आणि हाताने झटकली.

ती थांबली नव्हती. गाणं नव्हतं, नुसत्या तिच्या बांगड्या वाजत होत्या, आणि दोन्ही हात वर करून ती हळूहळू गोल फिरत होती, जपून, दोन्ही पायांवर. भाऊ धावत आला, "ताई, बस थोडी, गाणं आत्ता येते."

तिने खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुमी बसा जी," ती म्हणाली. "घामाघूम झाले तुमी. मले आत्ता बसाचं नाही."

मी बसलो. भर रस्त्यात, वरातीच्या मधोमध. बऱ्याच वेळाने ट्रकवरून कुणीतरी ओरडलं, आलं. तिने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.