अक्कांचा चाकू आणि तीन फिती

प्रिय निहार आणि आर्या,

परवा तुमच्या आईचा फोन आला होता. निहारला शाळेच्या कॅम्पसाठी खिशात ठेवायचा चाकू हवा आहे, त्याने संगणकावर एक लाल चाकू पसंतही करून ठेवला आहे आणि आईने नाही म्हटल्यापासून घरात अबोला आहे, असे कळले. आईचे म्हणणे, आजीने समजावून सांगावे. मी आयुष्यभर मुलींना इंग्रजी शिकवले, समजावून सांगणे हे माझे कामच होते. पण चाकूच्या विषयात मी जे काही शिकले ते तात्यांकडून, आणि तात्यांना तुम्ही पाहिलेले नाही. म्हणून आधी तात्यांबद्दल सांगते. ते वाचून निकाल तुमच्या आईच्या बाजूने लागेलच, याची हमी मी देत नाही.

तात्या म्हणजे तुमच्या आजोबांचे थोरले भाऊ. आम्ही बारामतीत राहत होतो आणि तात्या लासुर्ण्याला, शेतावर. थोडा ऊस आणि बोरी-डाळिंबांची रोपवाटिका. घराबाहेर पडताना लोक किल्ली चाचपतात, पाकीट चाचपतात. तात्या चाकू चाचपत. उंबऱ्यात उभे राहून त्यांचा हात ठरलेल्या क्रमाने खिशांवरून फिरे आणि तोंडाने चालू असे, "चाकू, चाकू, रुमाल, चाकू, चाकू." रुमाल राहिला तर ते तसेच जात. चाकू राहिला म्हणून मात्र भरल्या एसटीतून उतरून चालत परत आलेले मी त्यांना पाहिले आहे.

शर्टाच्या खिशात कलमाचा चाकू असे. त्याने फक्त बोरीवर डोळा भरायचा, म्हणजे गोड जातीचा कोंब काढून गावठी झाडाच्या सालीत बसवायचा. मी एकदा लिंबू कापायला तो मागितला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की मी मुकाट्याने विळीवर जाऊन बसले. पायजम्याच्या एका खिशात पितळी मुठीचा रोजचा चाकू. खताच्या पोत्याची शिवण, सुतळी, ठिबकची नळी, उसाचे कांडे, सगळे त्याच्यावर. दुसऱ्या खिशात पाहुण्यांसाठी धुऊन ठेवलेला फळांचा चाकू. आणि चौथा थेट निहारने पसंत केला आहे तसा, लाल, परदेशी, तुमच्या आजोबांच्या एका मित्राने आणून दिलेला. त्यात करवत होती, कात्री होती, पेचकस, दातकोरणी आणि एक भिंगसुद्धा होते. तात्यांनी तो आठवडाभर वापरला आणि निर्णय दिला.

"ह्यात समदं हाय. चाकू तेवढा न्हाय."

पुढे त्यांनी त्यातली फक्त दातकोरणी वापरली आणि भिंगातून डाळिंबावरची कीड पाहिली.

माणसे ओळखायची त्यांची एकच परीक्षा होती. समोरच्याला चाकू द्यायचा आणि तो परत कसा येतो ते पाहायचे. पुसून, मिटून, तळहातावर ठेवून परत केला तर माणूस पास. उघडाच पुढे केला तर नापास, मग तो तलाठी असो नाहीतर घरचा जावई. तुमचे आजोबा पहिल्या वेळी नापास झाले होते, सख्खे भाऊ असून. मी पास झाले, आणि तेव्हापासून ते मला जरा मानाने "सुमनबाई" म्हणू लागले. एकदा ते काही निरोप घेऊन माझ्या शाळेत आले. माझा तास चालू होता म्हणून व्हरांड्यात बसले आणि वेळ जात नाही म्हणून एका मुलीच्या पेन्सिलीला टोक काढून दिले. तास संपवून मी बाहेर आले तर मुलींची रांग जिन्यापर्यंत गेलेली. पुढचे काही दिवस आमच्या शाळेत सगळ्यांच्या पेन्सिलींना दाभणासारखी टोके होती आणि चित्रकलेच्या बाई मला विचारत होत्या, "तुमचे दीर पुन्हा कधी येणार?"

हे चारही चाकू तात्यांचे. पण त्यांचा सर्वांत आवडता चाकू पाचवा, आणि तो त्यांचा नव्हता. तो अक्कांचा होता.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, तात्यांची बायको. नाव मालनबाई. त्यांचे वडील फळबागांवर राखणदार होते. त्यांनी मोटारीच्या तुटक्या कमानपाट्यातून इंदापूरच्या एका लोहाराकडून हा चाकू घडवून घेतला होता. मूठ म्हशीच्या शिंगाची, टोकाला पितळी कडे. लेक सासरी निघाली तेव्हा त्यांनी तो तिच्या हातात ठेवला आणि सांगितले, कुणापुढे चाकू मागायला हात पसरू नको. या चाकूत एक खुबी होती. तो नखाने उघडत नसे. कडे अंगठ्याने दाबून, तोंड जमिनीकडे करून मनगटाला अगदी हलका झटका दिला की पाते टक्क करून बाहेर येई. सणासमारंभाच्या दिवशी अक्का तो तात्यांना वापरायला देत आणि संध्याकाळी परत घेऊन, धार पाहून पेटीत ठेवत. तात्या सकाळपासून लग्नाला निघाल्यासारखे खूश असत.

आता मुख्य गोष्ट. नव्वदच्या दशकातली एक निवडणूक जवळ आली होती आणि आचारसंहिता लागायच्या आत जेवढी म्हणून उद्घाटने उरकता येतील तेवढी तालुक्यात उरकली जात होती. त्या रविवारी लासुर्ण्यात दूध संकलन केंद्राच्या नव्या खोलीचे उद्घाटन होते. पुण्याहून कुठल्याशा मंडळाचे उपाध्यक्ष येणार होते. मंडळ कसले, ते मला तेव्हाही कळले नाही. सगळे त्यांना साहेब म्हणत होते. तात्या अक्कांचा चाकू बंडीच्या आतल्या खिशात घालून समारंभाला गेले. मी सुट्टी म्हणून आले होते आणि अक्कांबरोबर स्वयंपाकघरात वांगी चिरत होते. कर्ण्याचे तोंड आमच्याच घराकडे होते.

तिथे झाले असे. फीत होती नायलॉनची आणि ताटात ठेवलेली कात्री बोथट. साहेब फीत कापण्याऐवजी चावत असल्यासारखी कात्री चालवू लागले. बोथट पाते चाललेले पाहणे तात्यांना सोसत नसे. ते पुढे झाले, चाकू उघडून साहेबांच्या हातात दिला आणि फीत एका फटक्यात सुटली. टाळ्या पडल्या. साहेबांनी खूश होऊन चाकू उलटासुलटा पाहिला आणि मागे उभ्या असलेल्या त्यांच्या सहायकाकडे दिला. साहेबांच्या हातातून येणारी प्रत्येक वस्तू, मग ती शाल असो की स्मृतिचिन्ह, पिशवीत टाकणे हे त्या सहायकाचे काम. त्याने चाकू मिटून पिशवीत टाकला. सूत्रसंचालन करणाऱ्या गुरुजींनी ते पाहिले आणि माईक तोंडाशी नेला.

"आपल्या गावचे प्रगतिशील शेतकरी तात्या यांनी आपला वडिलोपार्जित चाकू साहेबांना भेट दिल्याबद्दल त्यांचा शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार करण्यात येत आहे."

अक्कांच्या हातातले वांगे थांबले. "वडील कुणाचं?" त्या म्हणाल्या.

तात्या घरी आले ते अंगावर शाल आणि हातात नारळ घेऊन. अक्का दारात उभ्या होत्या. तात्यांनी नारळ पुढे केला. अक्कांनी तो घेतला नाही.

"चाकू माझ्या बाचा हाय."

"अगं, मी दिला न्हाय. गुरुजी बोललं."

"मग तितंच सांगायचं."

"माईकवर बोललेलं खोटं कसं पाडायचं?" तात्या म्हणाले, आणि त्यात त्यांचे सगळे दुःख आले.

अक्कांनी निकाल दिला. साहेबांचा पुढचा कार्यक्रम निमगाव केतकीला आहे. जायचे, चाकू आणायचा, आणि चाकूशिवाय घरी यायचे नाही. मग त्या माझ्याकडे वळल्या. "सुमन, तू जा ह्यांच्यासंगं. तुला इंग्रजी येतं. मोठी लोकं ऐकतील तुझं."

तात्यांकडे एम-एटी नावाची एक म्हातारी दुचाकी होती. थोरल्या दिरांच्या मागे गाडीवर बसायची आमच्याकडे रीत नव्हती, म्हणून मध्ये शाल-नारळाची पिशवी ठेवली आणि आम्ही निघालो. वाटेत मी वाक्य तयार केले. "साहेब, गैरसमजातून आमची एक वस्तू आपल्याकडे आली आहे, ती परत मिळाल्यास आम्ही आपले आभारी राहू." त्याचे इंग्रजीही करून ठेवले.

निमगावात बाजारतळावर नव्या गाळ्यांसमोर गर्दी थांबलेली होती. साहेबांना आता त्याच चाकूने फीत कापायची होती आणि चाकू उघडत नव्हता. सहायकाचे नख तुटले होते, एका फिटरने पक्कड आणली होती. पक्कड पाहून तात्यांनी गाडी जवळजवळ चालती सोडली. कुणीतरी ओरडले, "आलं, चाकूवालं तात्या आलं!" तात्यांनी पक्कड बाजूला सारली, कडे दाबले, टक्क. फीत कापली गेली. मी पुढे होऊन "साहेब, गैरसमजातून" एवढे म्हटले, तोवर एका कार्यकर्त्याने अत्यंत आदराने माझा दंड धरून मला खुर्चीत बसवले. माईकवर जाहीर झाले, की चाकूदाते तात्या सहकुटुंब उपस्थित आहेत. 'सहकुटुंब' म्हणजे मी! तात्यांना टॉवेल, टोपी आणि दुसरा नारळ मिळाला, मला ब्लाऊजपीस मिळाला, आणि चाकू पुन्हा पिशवीत गेला.

साहेब जेवायला इंदापूरला गेले. तिसरा कार्यक्रम डाळजला वाचनालयाचा होता. आम्ही उन्हातून डाळजची वाट धरली.  वाटेत तात्या मान न वळवता म्हणाले, "ह्यो माणूस चाकू पुसत न्हाय, सुमनबाई." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "तिच्या बानं तिला सांगितलेलं, चाकूसाठी कुणापुढं हात पसरू नको. आन् आज तिचाच चाकू मागत मी गावोगाव फिरतोय."

मी माझे वाक्य मनात पुन्हा म्हणून पाहिले. ते मला फार तोकडे वाटले.

डाळजला आमची वाटच पाहत होते. चाकू उघडायला तात्या, फीत कापायला साहेब, पाठोपाठ गावकऱ्यांकडून तात्यांना शाल आणि तिसरा नारळ. चाकू अजून साहेबांच्याच हातात होता. सकाळपासून दोन्ही ठिकाणी तात्यांना "दोन शब्द बोला" म्हटले होते आणि दोन्ही वेळा त्यांनी हात जोडले होते. इथेही आग्रह झाला. या वेळी तात्यांनी माईक घेतला. त्यांनी तो चाकूसारखाच धरला होता, मूठ आवळून.

"जय भीम, मंडळी. आज समद्यांनी माझा सत्कार केला. साहेबांचा मी केलाच न्हाय. आता करतो."

आणि त्यांनी सुरुवात केली. एक शाल साहेबांच्या या खांद्यावर, दुसरी त्या खांद्यावर. डोक्याला टोपी, गळ्यात टॉवेल. मी पिशवीतून नारळ देत गेले. पहिला नारळ साहेबांनी डाव्या हातात घेतला. दुसरा घ्यायला उजव्या हातात जागा नव्हती, तिथे उघडा चाकू होता. साहेबांनी तो सवयीने बाजूला धरला. सहायक पिशवी घेऊन निघाला, पण तात्या जवळ होते. त्यांनी चाकू घेतला, साहेबांच्या दोन्ही हातांत नारळ दिले आणि तिसरा काखेत बसवला. मग पायजम्याला पाते पुसले, चाकू मिटला आणि पुन्हा माईक तोंडाशी नेला.

"आन् साहेबांनी हा चाकू लासुर्ण्याच्या मालनबाईंना भेट दिलेला हाय. टाळ्या वाजवा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सहायक उघडी पिशवी घेऊन उभाच राहिला. साहेब तीन नारळ सावरत हसत सुटले होते आणि मान हलवत म्हणत होते, "दिला, दिला." माईकवर बोलले गेले होते, आता कुणाचा इलाज नव्हता. माझे वाक्य, दोन्ही भाषांतले, माझ्याजवळच राहिले.

संध्याकाळी अक्कांनी चाकू उघडला, पात्यावरून अंगठा आडवा फिरवला आणि म्हणाल्या, "फितींनी धार घालवली." मग सहाण घेऊन बसल्या.  धार लावता लावता त्यांनी विचारले, "आन् नारळ?"

"दिलं," तात्या म्हणाले.

"तिन्ही?"

"तिन्ही."

"एक तरी ठेवायचा," अक्का म्हणाल्या, आणि त्या रात्री वांग्याची भाजी खोबऱ्याशिवायच झाली.

पुढच्या आठवड्यात तिकडच्या एका साप्ताहिकात बातमी आली, 'महिलांना चाकूवाटप'. शेजारच्या वस्तीवरच्या दोघी अक्कांना येऊन विचारून गेल्या, आमचा चाकू कधी मिळणार, अर्ज कुठे करायचा.

त्यानंतर काही वर्षांनी तात्या गेले. दुपारी बोरीच्या सावलीत पडले होते, तिथेच. कलमाचा चाकू शर्टाच्या खिशात होता, पुसलेला आणि मिटलेला. चार चाकू चार पुतण्यांनी घेतले. लाल चाकू कुणाकडे गेला ते मला माहीत नाही, पण त्यातली दातकोरणी हरवली असे ऐकले. पुढे अक्का थकल्या, तेव्हा त्यांनी मला बोलावून पाचवा चाकू माझ्या हातात ठेवला. मी म्हटले, अक्का, घरात एवढी माणसे आहेत. त्या म्हणाल्या, "तू डाळजपातुर गेलीस."

तर निहार, चाकू घ्यायचा की नाही ते तू आणि आई मिळून ठरवा. घेतलास तर पहिल्यांदा मित्राला वापरायला दे आणि तो परत कसा देतो ते पाहा.

अक्कांचा चाकू माझ्या स्वयंपाकघरात चमच्यांच्या खणात आहे. धार लावून लावून पाते निम्मे झाले आहे आणि मूठ एका बाजूने तडकली आहे. कडे शाबूत आहे. उघडायची खुबी आता फक्त मला येते. वर लिहिली आहे खरी, पण वाचून ती जमत नाही, चाकू हातात घेऊनच दाखवावी लागते.