कुटाराचा वाफा

बायकोच्या पाठीचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. अंगणवाडीतून निवृत्त होऊन तिला वर्षही झालं नव्हतं. घरामागे भाजी लावायची, हे तिनं कितीतरी आधीपासून ठरवून ठेवलेलं. खामगावातल्या आमच्या घरामागची जागा म्हणजे निव्वळ मुरूम, त्यात बांधकामातले विटांचे तुकडे.

"मी खणून देतो," म्हणालो आणि टिकास घेतलं. दोन दिवसांत हाताला फोड आले आणि खाटेएवढा एक वाफा झाला. ती मागच्या दारात खुर्ची टाकून बघत होती.

"राहू द्या," ती म्हणाली. "बाकीच्या जागेत न खंदताच लावीन."

"मुरमात?"

"आमच्या माहेरी वरवटले उकिरड्यावर डांगराचे वेल येत. तिथं कोनं खंदलं व्हतं?"

मला हसू आलं. पण सोयाबीन निघालं होतं, मळणीनंतर उरलेलं त्याचं भुसकट, कुटार, हवं तेवढं मिळत होतं. मी दोन पोती आणली. किराणा दुकानातली रिकामी खोकी तिनं बसल्या बसल्या उलगडली, चिकटपट्ट्या काढल्या. तिनं काठीनं दाखवायचं आणि मी अंथरायचं. मुरमावर उगवलेल्या गवतावर पुठ्ठे, भरपूर पाणी, वर वीतभर कुजलेलं शेणखत, त्यावर कुटार. "त्याच्यावर पाय नका देऊ," एवढा एकच नियम.

बी कसं पेरणार, हा माझा प्रश्न होता. तिनं वायरिंगचा उरलेला पाइप मागवला. खुर्चीवर बसून पाइपाच्या टोकानं कुटार बाजूला सारायची, खतात भोक पाडायची आणि वरून वालाचा एकेक दाणा सोडायची. पाठ ताठच्या ताठ. मी बघतच राहिलो.

आठवड्याभरात शेजारच्या कोंबड्यांनी सगळं कुटार उकरून टाकलं. कडेच्या पुठ्ठ्यांना वाळवीही लागली. आता ही नाद सोडेल, असं मला वाटलं. तिनं शेजारणीला एका शब्दानंही बोल लावला नाही.

"कडा वाळल्या म्हनून लागली ते. पानी कमी पडलं," ती म्हणाली. "अन् थोड्या पऱ्हाट्या घेऊन या."

कपाशीच्या त्या वाळक्या काड्या आम्ही वाफ्यावर आडव्यातिडव्या टाकल्या. कोंबड्यांना पाय ठेवायला जागा उरली नाही. हिवाळाभर घरात वाल होता, नंतर लावलेली वांगी होती, आणि शेजारणीकडेही पिशवी जात होती.

उन्हाळ्यात खामगाव तापलं. मी खणलेल्या वाफ्याला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या. तिच्या वाफ्याला दोन दिवसांआड पाणी पुरत होतं.

"हात घालून पाहा," ती म्हणाली.

कुटार सारून हात घातला तर मनगटापर्यंत गेला. आत गार होतं. बोटाला गांडूळ लागलं. पुठ्ठ्याचा कुठे पत्ता नव्हता.

"मुरूम कुठं गेला?" मी विचारलं.

"खालीच हाय. हळूहळू मऊ होऊन राह्यला."

चाळीस वर्षांच्या संसारात मी तिला कामाची म्हणत आलो. पण तिला जमिनीची एवढी समज आहे, हे मला ठाऊक नव्हतं. ते मी तिला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी खोकी आणली आणि माझ्या वाफ्यावर अंथरू लागलो. ती खुर्चीवरून बघत होती.

"कोपऱ्यात उघडं राह्यलं," म्हणाली.